सगुणाक्कांचं कुंपण

सगुणाक्कांच्या परसातला घेवडा इनामदारांचा मोकाट वळू रोज फस्त करायचा. शेवटी अक्कांनी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालायला घेतलं, तेव्हा इनामदार त्यांना चावडीवर बोलावून गावासमोर गरजले, "माझ्या वळूला काटा टोचता कामा नये! तार नको, दगडी भिंतही नको. त्याचं अंग खरचटेल."

सगळे माना खाली घालून बसले. अक्का मात्र हटल्या नाहीत.

"काटा, तार, दगड सोडून दुसरं कुंपण चालेल ना?"

"चालेल की! घालून दाखव," इनामदार हसले.

अक्कांनी घरून जाडसं दावं आणून त्यांच्या हातात ठेवलं.

"हे घ्या कुंपण. माझ्या परसाला पुरायचं नाही, पण वळूच्या गळ्यात बरोबर बसेल."

चावडी खदखदून हसली. इनामदारांनी दावं घेऊन घर गाठलं आणि वळूला बांधून टाकलं. त्या वर्षी अक्कांनी गावभर घेवडा वाटला.