हाचिमानची टोपी

“देव की बुद्ध? एकच काय ते सांगा, गुरुजी.”

म्हातारे ग्योकान मूर्तीवरची धूळ झटकत राहिले.

“कालपर्यंत दोन्ही होता. आज काय झालं त्याला?”

तोकुजिरो ओशाळला. एके काळी याच मठात तो झाडलोट करायचा आणि गुरुजींचा मार खायचा. आता तो जपानच्या नव्या सरकारचा अधिकारी होता. डोक्यावरचा बुचडा कापलेला, अंगात विलायती कोट. सम्राट देवांचे वंशज, तेव्हा देव वेगळे नि बुद्ध वेगळे करा, असा हुकूम सुटला होता. देवळात देव राहणार, बुद्ध जाणार, त्याच्यामागोमाग भिक्षूही. दाराबाहेर मजूर बुद्धाच्या मूर्ती कापायला करवती घेऊन बसलेच होते.

पंचाईत अशी, की मूर्ती हाचिमानची. हाचिमान म्हणजे फार पूर्वीचा एक सम्राट, मेल्यावर देव झालेला. आणि इथे तो बसला होता मुंडण करून, भिक्षूची वस्त्रं पांघरून.

“सम्राटांच्या पूर्वजानं डोकं भादरलं तरी का?”

“उकडत असेल.”

तोकुजिरोने पिशवीतून पुजाऱ्याची उंच काळी टोपी काढली. वाटभर त्याने ती जिवापाड जपली होती.

“ही घाला. भिक्षूची वस्त्रं उतरवा. देवाचे पुजारी म्हणून इथेच राहाल. मूर्तीलाही अशीच एक चढवू, म्हणजे तीही वाचेल. केस तेवढे वाढवा.”

“त्या शेतात आता काही उगवत नाही रे.”

“चेष्टा नको, गुरुजी.” तोकुजिरोने टोपी पुढे केली. “तुम्हाला बाहेर काढायची पाळी माझ्यावर आणू नका.”

गुरुजींनी धूळ झटकायचं फडकं खाली ठेवलं.

मग त्यांनी टोपी घेतली आणि मूर्तीच्या तुळतुळीत डोक्यावर ठेवली. ती घसरून नाकावर आली.

“पूर्वजांना दिसेनासं झालं,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी ती काढून तोकुजिरोच्या डोक्यावर ठेवली. बुचडा असता तर अडली असती. कापलेल्या केसांवरून ती थेट कानांवर उतरली.

“सरकारलाही.”

शेवटी ती त्यांनी स्वतः घातली. हनुवटीपर्यंत सगळे गुरुजी टोपीत गेले.

“तोकु,” आतून आवाज आला, “दिवस मावळला काय रे?”

तोकुजिरोने ओठ घट्ट आवळले. खांदे गदगदू लागले. मग तो जो हसत सुटला, तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबला नाही.

डोळे पुसत तो दाराशी गेला. “घरी जा,” त्याने मजुरांना सांगितलं. ते करवती उचलून पायऱ्या उतरू लागले, तेव्हा कुठे त्याला वरच्या साहेबांची आठवण झाली.

“गुरुजी, आता वर काय कळवू?”

टोपी जराशी डुलली.

“कळव, टोपी सगळ्यांनाच मोठी होते.”