साडेचार मण्यांचे पिढे

सांतवाडीच्या मिशन दवाखान्यात आता सगळे नवे आहे. लिफ्ट आहे, काचेची दारे आहेत, लांबलांबच्या गावांहून माणसे येतात. पण प्रसूतीच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी, एक बुटके लाकडी पिढे दिसेल. फणसाच्या लाकडाचे, बसून बसून मधे खोलगट झालेले. रोज औषधाच्या पाण्याने पुसतात म्हणून पांढरट पडले आहे. पाहुण्यांना वाटते, डॉक्टरीणबाईंना पाय ठेवायला असेल. तसे बोलू मात्र नका, इथल्या कामकरी आया रागावतात. त्या पिढ्याच्या उजव्या कडेवरून हात फिरवा. चार खाचा लागतील आणि पाचवी अर्धीच. सुताराने काम अर्धवट टाकले म्हणावे, तर त्या सुताराच्या नाहीतच. त्या कोयत्याच्या आहेत, आणि गावची सुईण कोंसूबाय हिने स्वतःच्या हाताने पाडल्या, असे सांगतात.

तेव्हा गावात डांबरी रस्ता नव्हता. केळीच्या वाड्या, पानवेली, आणि वाडीवाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे लहानसे तळे. कोंसूबायची आई सुईण, आजी सुईण. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मलेले. तिला स्वतःला मूल झाले नाही आणि नवरा लवकर गेला, पण तिचा एक मान होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळ देवळात न्यायचे ते सुइणीने. इकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. कोंसू लाल लुगडे नेसून, बाळ उराशी धरून सगळ्यांच्या पुढे चालायची. मागे वाजंत्री, आईबाप त्याही मागे. ओट्यांवरच्या बाया उठून उभ्या राहायच्या. घरापासून देवळापर्यंतची तेवढी वाट ते बाळ तिचे असायचे. तिचा सगळा जीव त्या वाटेत होता.

मग सिस्टर अपोलोनिया आली. मंगळूरकडची, उंच, किडकिडीत, मराठी मोडके. फादरांनी तिला देवळामागची धान्याची कोठी दिली. तिने कोठीला चुना काढला, दोन खाटा टाकल्या आणि दारावर क्रूस लावला. दवाखाना तो एवढाच. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. जिने लग्न केले नाही ती काय बाळंतपण करणार? सगळ्यांत मोठ्याने कोंसू हसली, म्हणे.

पण त्याच साली कोंसूच्या हातच्या दोघी बाळंतिणी तापाने गेल्या. कोंसू म्हणाली, देवाची इच्छा. गावाने मान डोलावली आणि पुढची बाळंतीण कोठीत नेली. पहिले गेले ते पाटलांचे घर, ज्यांच्या तीन पिढ्या कोंसूच्या घरच्या हातांनी जगात आणल्या होत्या. बाळ सुखरूप झाले. बाप्तिस्म्याला ते आत्याने उचलून नेले. कोंसूला बोलावायचे कुणाच्या ध्यानातही आले नाही. ती लाल लुगडे नेसून तयार बसली होती. वाजंत्री जवळ आली, दारावरून गेली, तेव्हा ती केळींच्या आड जाऊन उभी राहिली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पाटलांचा राग तिला आला नाही. आत्याचाही नाही. त्या वेळी कोठीत खाटेशी कुणाच्या तरी कपाळावर ओला हात ठेवून बसलेली जी होती, तिचा आला.

त्या दिवसापासून तिने सिस्टरला पाण्यात पाहिले. तिची पांढरी टोपी सलायची, मोडके मराठी सलायचे, आणि त्या मोडक्या मराठीला बाया आपुलकीने हसायच्या ते तर फारच सलायचे. शेवटी एका सकाळी कोंसू घरातले पिढे काखेत मारून कोठीत गेली आणि खाटेच्या पायथ्याशी ते मांडून वर बसली.

"मी गावची सुईण. माझ्या गावचं बाळ येताना मी बघणार."

सिस्टरने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि ती म्हणाली, "बसा."

बघायला कसली, चूक धरायला बसली होती. हातात जपमाळ आणि डोळे सिस्टरच्या बोटांवर. संध्याकाळी बावखलावर धुणे बडवताना ती चुकांचा पाढा वाचायची. आज कात्री उकळत टाकली आणि लगेच काढली. आज हात धुतले, पण नखे कोरली नाहीत. बाळंतिणीला पेज दिली ती गार. आणि हिला कसली बुद्धी, बाळामागून वार पडली की तशीच पुरायला देते! आमची आजी पाण्यात पसरून, उलटीपालटी करून बघायची, पुरी आली की तुकडा आत राहिला.

बावखलावरचे बोलणे कोठीत पोचायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी कात्री दुप्पट वेळ उकळलेली असायची. नखे कापलेली. पेज वाफाळलेली. आणि वार पांढऱ्या थाळ्यात घेऊन, वर स्वच्छ पाणी ओतून, सिस्टर ती पसरून बघू लागली, अगदी कोंसूच्या आजीसारखी. आपण चूक काढावी आणि दुसऱ्या दिवशी ती चूक तिथे नसावी, याच्यासारखा जाच नाही. कोंसू नवी शोधायची. तीही जायची. दोन वर्षे असे चालले. कोठीच्या चार खाटा झाल्या, पलीकडच्या मिठागरांतून बाया येऊ लागल्या, आणि त्या दोन वर्षांत एकही बाळंतीण दगावली नाही.

कोंसूला ते खरोखर सहन होत नव्हते. कुणाचे वाईट व्हावे असे तिला वाटत नव्हते. सिस्टरचे वाईट व्हावे, एवढेच वाटत होते. सिस्टरचे व्हायचे तर आधी खाटेवरच्या कुणाचे तरी व्हावे लागणार, हे ती मनात येऊ देत नसे.

उपवासकाळातला शुक्रवार होता. सिस्टरच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हते आणि पहाट सरल्यापासून ही तिसरी बाळंतीण. नातालीन, पाटलांची धाकटी सून. माहेरही गावातलेच, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी हिला देवळात घेऊन गेली होती ती कोंसूच. मुलगी झाली, रडली. वार पडली. सिस्टरने ती थाळ्यात घेतली, थाळा खाली जमिनीवर ठेवला, पाण्याच्या तांब्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात देवळाची बाराची घंटा झाली.

घंटा झाली की इथला माणूस होता तिथे थांबतो. वाडीत कोयता थांबतो, रहाट थांबतो. सिस्टरने हात जोडले, डोळे मिटले आणि बाराची प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तेव्हा बाळ पुसायचे होते, नातालीनला पालथे-उताणे करून साफ करायचे होते, आणि पाणी ओतायचे राहिले आहे हे त्या थकल्या डोक्यातून पुसून गेले होते. "घेऊन जा," ती मदतीच्या आयाला थाळ्याकडे हात करून म्हणाली.

उभ्या माणसाला तो थाळा दिसत नव्हता. पिढ्यावर बसलेल्याच्या तो अगदी डोळ्यांखाली होता. कोंसूने पाहिले. वारेची एक कड फाटलेली होती आणि तिथला तुकडा नव्हता.

तिचा हात जपमाळेवर होता. पहिला मणी सरकला. दोन वर्षे जिची वाट पाहिली ती चूक पायाशी पडली आहे, एवढेच तिला कळले, आणि आनंद झाला. खरेच झाला, तिने तो पुढे कधी नाकारला नाही. दुसऱ्या मण्याला तिला पाटील दिसले, तिच्या ओट्याखाली मान घालून उभे. तिसऱ्याला लाल लुगडे, वाजंत्री, उराशी बाळ, उठून उभ्या राहणाऱ्या बाया. चौथ्या मण्याला नातालीन म्हणाली, "मावशी, पाणी दे गं." तिने सिस्टरकडे मागितले नव्हते. तिचे ओठ चुन्यासारखे झाले होते आणि खाटेखाली थेंब पडू लागले होते.

पाचवा मणी कोंसूच्या बोटांत अर्धा फिरला आणि थांबला.

"सिस्तर," ती म्हणाली, "वार पुरी नाही. तुकडा आत आहे."

पुढचे सगळे भराभर झाले. सिस्टरने कोपरापर्यंत हात धुतले आणि एक हात आत घातला. कोंसूने कुणी न सांगता माळ टाकली, खाटेशी गेली आणि नातालीनचे पोट चोळून ते आवळून येईपर्यंत दाबून धरले. चार हात एकाच शरीरावर. तुकडा निघाला. रक्त खूप गेले होते. नातालीन अठरा दिवस खाटेवर होती, पण जगली.

आणि गावभर झाले की कोंसूबायने पाटलांची सून वाचवली. बावखलावर बाया तिच्या हातातले धुणे काढून घेऊ लागल्या. पाटील खरोखरच ओट्याखाली येऊन उभे राहिले. बाळाला देवळात तूच ने, म्हणाले. दोन वर्षे जे मागितले ते एका आठवड्यात पदरात पडले.

फादरांपुढे पापनिवेदन करून कोंसू आली, तरी तिला बरे वाटेना. मग ती कोठीत सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली.

"मी आधीच बघितलं होतं," ती म्हणाली. "साडेचार मणी गप्प बसले. तुझं नाक कापलं जावं म्हणून."

सिस्टर चादरींच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. तिचा चेहरा चांगला दिसत नव्हता, असे सांगतात. संत असली तरी माणूसच ती.

"तुम्ही बघितलं आणि साडेचार मणी बोलला नाही," शेवटी ती म्हणाली. "मी तर बघितलंच नाही. उद्या या."

"माझ्या पोटातली आग अजून गेलेली नाही. तुझं काही बरं झालं की मला अजून दुखतं."

"म्हणूनच या. ज्यांची माझ्यावर माया आहे, त्यांना माझं चुकलेलं दिसत नाही. फक्त मणी मोजू नका."

कोंसू घरी जाताना पिढे बरोबर घेऊन गेली. ती आता येत नाही, असे सगळ्यांना वाटले. दुसऱ्या सकाळी ती आली तेव्हा पिढ्याच्या कडेला, उजवा अंगठा टेकतो तिथे, केळी तोडायच्या कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या. चार पुऱ्या, एक अर्धी. जपमाळ तिने घरी खिळ्याला अडकवून ठेवली होती. त्या खोलीत तिने पुन्हा कधी ती हातात घेतली नाही.

नातालीनच्या मुलीला मात्र तिने देवळात नेले नाही. आजीने न्यावे, म्हणाली. ती वाटेवरच्या ओट्यावर बसून राहिली आणि बाळ समोरून गेले तेव्हा इतर बायांबरोबर उठून उभी राहिली.

पुढे सव्वीस वर्षे ती त्या पिढ्यावर बसली. हेवा गेला का? छे. सिस्टरला बिशपांनी शाल दिली त्या दिवशी कोंसू दुखण्याचे निमित्त करून घरी झोपून होती. पण दुसऱ्या दिवशी पिढ्यावर हजर. सिस्टर वारली तेव्हा शवपेटीशी सगळे गाव रडत होते, आणि कोंसू पुढे होऊन म्हणाली, "टोपी वाकडी बसवली आहे. तिला चाललं नसतं." तिने ती सरळ केली, आणि मग रडली.

आजही या दवाखान्यात बाळंतपण असले की कुणीतरी त्या पिढ्यावर बसतेच. तिने कामाला हात लावायचा नाही, फक्त बघायचे. ती बोलली की सगळ्यात मोठ्या डॉक्टरनेही थांबायचे. आणि बसवायचे तर जिचे त्या डॉक्टरशी पटत नाही तिलाच बसवतात. लाडक्या नर्सला त्या पिढ्यावर जागा नाही. बाळ सुखरूप झाले की बाहेर वाट बघणाऱ्या माणसांपर्यंत ते उराशी धरून न्यायचे, तेही तिनेच. तेवढी वाट ते बाळ तिचे.

बसलेलीचा अंगठा पहिल्या खाचेवर असतो. काही खटकले तर अंगठा हलायच्या आत बोलायचे, असा रिवाज आहे. इतक्या वर्षांत ती पहिली खाच झिजून गुळगुळीत झाली आहे. दुसरी थोडी झिजली आहे. ती अर्धी खाच तेवढी जपून चाचपा. कोयत्याने पाडली त्या दिवशीसारखीच ती अजून धारदार आहे.