कॉफीचं यंत्र आणि जायफळाची किसणी

भांडीकुंडी आपसांत बोलत त्या काळी विभावरीबाईंच्या ओट्यावर कॉफीचं नवंकोरं यंत्र आलं. पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर दुकानात परत, असं ठरलं होतं.

यंत्र जायफळाच्या इवल्याशा किसणीला म्हणालं, "ए, तू आता माळ्यावर जा. मी एकटं पुरेसं आहे." किसणी बिचारी हिरमुसली.

बाईंनी बटण दाबलं. फेसाळ कॉफी आली. नवऱ्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, जायफळ नाही? ही कसली कॉफी!"

बाई यंत्राचं खोकं शोधू लागल्या. यंत्राला दरदरून घाम फुटला. "किसणीताई, जरा येता का हो?"

किसणी टुणकन कपापाशी आली. "येते की! बरं झालं, अजून माळ्यावर गेले नव्हते."