कासारणीनं घेतलेला जेवणाचा वसा

ऐका आयांनो, ऐका बापांनो, भरल्या ताटाची कहाणी. हातातलं काम जरा बाजूला ठेवा. घाई नाही.

आटपाट गाव होतं. गावात एक कासार होता. त्याची बायको गिरजा, लेक हौसा. कासार बाजारात बसून पितळेची भांडी विकी, बांगड्या भरी, गिरजा घरी बांगड्यांचे जोड लावी, हौसा रंगीत तुकडे डबीत जमवी. सात वर्षांची पोर. एके दिवशी तिला ताप आला. गेला, परत आला. अंगावर निळे डाग उठले. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, “शहरात मोठ्या दवाखान्यात न्या. रक्ताचा कॅन्सर आहे. पण पोरं बरी होतात यातनं. औषध लांबलचक आहे, धीर धरा.”

मग कासार दुकान सांभाळायला मागं राहिला. गिरजा लेकीला घेऊन शहरात आली. दवाखान्याशेजारच्या धर्मशाळेत बिऱ्हाड मांडलं. सकाळी रांधावं, डबा भरावा, हौसाच्या खाटेशी जाऊन बसावं.

पहिली सलाईन लागली, हौसा ओकली. गिरजेनं सोमवार धरला. दुसरी सलाईन लागली, हौसाचे केस उशीवर उतरले. गिरजेनं मीठ सोडलं. तिसरी सलाईन लागली, हौसाच्या तोंडात फोड आले. गिरजेनं अन्न सोडलं, दुधावर राहिली. जेवढं मी सोडीन तेवढं देव लेकीला देईल, असं तिच्या मनानं घेतलं. आईचं मन, त्याला काय म्हणावं?

इकडं हौसा जेवेना. भात दिला, नको. पेज दिली, नको. शिरा दिला, नको. हातातली बांगडी कोपरापर्यंत चढू लागली. डॉक्टरीणबाई आल्या, तिला काट्यावर उभं केलं. म्हणाल्या, “वजन फार उतरलंय. आठ दिवसांत पोटात काही गेलं नाही, तर पुढचं औषध हिला झेपायचं नाही. थांबवावं लागेल. आणि औषध थांबणं बरं नाही.”

गिरजा घाबरली. तिनं दूधही सोडलं. दुपारी नळावर डबा घासायला गेली, डोळ्यांपुढं अंधारी आली, मटकन खाली बसली.

तिथं एक म्हातारी होती. रोज यायची, आजारी पोरांच्या आयांना भाकरी वाटायची. तिनं गिरजेला सावरलं, तोंडावर पाणी मारलं.

“सकाळी काय खाल्लंस?”

“काही नाही.”

“काल?”

“दूध.”

“आणि परवा?”

गिरजा सांडलेला डबा गोळा करू लागली. म्हातारी म्हणाली, “बये, लेकीला उचलून न्यायची वेळ आली तर कोण उचलणार? देव?”

गिरजा रडू लागली. म्हणाली, “आजी, मला एखादा वसा सांगा. कितीही कडक असू द्या, मी करीन.”

“कडकच आहे हो. घेशील, कंटाळशील, अर्ध्यात टाकशील.”

“कंटाळणार नाही, टाकणार नाही. सांगा.”

“मग ऐक. रोज दोन वेळा लेकीसमोर बसावं. ताट वाढून घ्यावं, मीठ वाढून घ्यावं, पोटभर जेवावं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं, घास थांबवू नये. औषध संपेल तेव्हा पाच आयांना जेवू घालावं.”

“हे हो काय? जेवायचा कुठं वसा असतो?”

म्हातारी म्हणाली, “माझा नामू याच दवाखान्यात होता. मी निर्जळी उपास केले. एका दुपारी घेरी येऊन पडले. मला दुसऱ्या खोलीत निजवलं. तेवढ्यात तो गेला. आईऽ आईऽ करत होता म्हणे. माझ्या उपासानं गेला नाही, दुखण्यानं गेला. पण ती हाक माझी होती गं. ती मी घालवली.”

मग गिरजा उठली. मऊ भात केला, मुगाचं वरण केलं, मीठ घातलं, वर तूप सोडलं. हौसासमोर बसली, एक घास घेतला. हौसा टक लावून बघू लागली.

“आई, तुझा उपास सुटला?”

“सुटला.”

“देव रागवायचा नाही?”

“नाही रागवत.”

“मग माझा पण सुटला?”

“तुझा कसला गं उपास?”

“तुझ्यासाठी धरलेला. तू माझ्यासाठी धरलास, मग तुझ्यासाठी कोण धरणार?”

गिरजेचा घास हातातच राहिला. मग म्हातारीचं बोलणं आठवलं, तो तिनं तोंडात घातला. दुसरा लेकीला भरवला. हौसानं तोंड वाकडं केलं. “पितळ चाटल्यागत लागतंय.”

“कासाराची पोर ना तू? चाट मग पितळ!”

हौसा हसली. फोड दुखले, तरी हसली. त्या दिवशी चार घास गेले. दुसऱ्या दिवशी सहा गेले. तिसऱ्या दिवशी वाटी पुसून खाल्ली. आठव्या दिवशी काटा जरासा हलला. औषध चालू राहिलं.

असे दिवस गेले. एकदा हौसाला मोठा ताप चढला. गावाहून सासूचा फोन आला. “पोर तापानं फणफणलीय आणि तू जेवतेस? घशाखाली उतरतं तरी कसं तुझ्या?” गिरजेनं ताट सारलं. मन म्हणालं, आजच्या दिवस सोडावं. हौसानं डोळे उघडले, सारलेलं ताट बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. गिरजेनं ताट परत ओढलं. फोनवर म्हणाली, “आत्याबाई, उतरत नाही. उतरवते.” रडत जेवली, पण जेवली.

डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. चौथ्या दिवशी ताप उतरला. औषधानं औषधाचं काम केलं, डॉक्टरणीनं डॉक्टरणीचं केलं, आईनं आईचं केलं.

अडीच वर्षं झाली. औषध संपलं. हौसाला नवे केस आले, तेही कुरळे. कासार तिची जुनी बांगडी भरायला बसला, बांगडी चढेना. म्हणाला, “पोरीला आता मोठं माप लागतंय गं!” आणि उपरण्यानं डोळे पुसू लागला.

मग वशाचं उद्यापन आलं. धर्मशाळेत पाच पाट मांडले. चार खाटांवरच्या पोरांच्या चार आया येऊन बसल्या. पाचवा पाट रिकामा. म्हातारी पदर खोचून वाढायला उभी. गिरजा म्हणाली, “आजी, बसा.” बसेना. कासार म्हणाला, “आजी, बसा.” बसेना. “मी आता कसली आई? मी वाढते.”

हौसानं नामूची गोष्ट आईकडनं ऐकली होती. तिनं म्हातारीचा हात धरला. “आजी, तुम्ही पोटभर कधी जेवलात?”

म्हातारी हात सोडवून वाढायला वळली.

“मग तुमचा नामू पण उपाशी असेल.”

म्हातारी पाटावर बसली. हौसानं वाढलं. म्हातारीनं घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं. घास थांबवला नाही.

जशी हौसाला जुनी बांगडी लहान झाली, तशी तुमच्या लेकरांना होवो. ज्यांचं लेकरू राहिलं नाही, त्यांना कुणीतरी हात धरून पाटावर बसवो. ही साठां घासांची कहाणी पाचां घासांत सांगितली, ऐकणाऱ्याला फळो, सांगणाऱ्याला पुरो.