पियानोचा रोस

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा गडी होता. नाव धाकू. वय चाळीस झालं तरी अक्कल अजून वाटेतच होती. पण माणूस आज्ञाधारक. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. खरं दुखणं तेच होतं.

धाकू कातरिनबाईंच्या घरी कामाला होता. बाईंकडे नवऱ्याच्या, पेद्रूंच्या, मागे राहिलेला एक पियानो होता. त्या पियानोवर पेद्रूंनी आपल्या मुलीसाठी, आवेलिनसाठी, एक चाल बसवली होती. "लग्न लागलं की ह्याच चालीवर घरात ये," एवढं सांगून ते देवाघरी गेले.

आता येत्या रविवारी आवेलिनचं लग्न. आणि मे महिन्याच्या दमट हवेनं पियानोचं लाकूड फुगलेलं! पट्टी दाबली की खाली जायची, वर यायचं नाव नाही. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बेळगावहून पियानो दुरुस्त करणाऱ्या दिएगो मास्तरांना बोलावलं.

मास्तरांनी पियानोच्या पोटात एक छोटा विजेचा दिवा लावला. धाकूला म्हणाले, "हा शनिवारपर्यंत विझवू नकोस. दमट झालं की ऊब द्यायची. समजलं?"

"समाजला," धाकू म्हणाला. आणि मनाशी गाठ मारली.

मंगळवारी बाईंनी बांगडे आणले. धाकूनं हात लावून पाहिलं. चांगलेच दमट होते. त्यानं ते बाईंच्या गोधडीत गुंडाळले आणि चुलीजवळ ठेवले. संध्याकाळी वासावर गावातली सगळी मांजरं जमली.

"मेल्या, ह्या काय केलंस?" बाई ओरडल्या. "खावची वस्तू बर्फात ठेवूची! वर ओला गोणपाट घालूचा!"

"बरा बाई," धाकू म्हणाला. आणि मनाशी गाठ मारली.

बुधवारी शेजारणीनं लग्नासाठी टोपलीभर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळून दिल्या. नेवऱ्या खायच्याच असतात. धाकूनं त्या बर्फावर मांडल्या, वर ओलं गोणपाट घातलं. सकाळी त्यांचा लगदा चमच्यानं काढावा लागला.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, जपूची वस्तू डब्यात घालूची! झाकण घट्ट! पाण्याचो थेंब लागता नये!"

"बरा बाई." आणखी एक गाठ.

शनिवारी मास्तर परत आले. पियानो ठणठणीत झाला होता. बाईंनी चाल वाजवली. एकही पट्टी अडकली नाही. बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"दिवा उद्यापर्यंत आतच राहू दे. आणि याला घरच्या माणसासारखं जपा," मास्तर म्हणाले. "आपल्याला जे सोसतं, तेच याला सोसतं."

धाकू कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता.

त्याच संध्याकाळी रोस होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंगाला नारळाचा रस लावतात आणि मग गरम पाण्यानं आंघोळ घालतात. आवेलिनला सगळ्यांनी रस लावला, हसले, गायले. पातेल्यात बराच उरला. बाई म्हणाल्या, "धाकू, रस फुकट घालवू नको. घरच्या माणसांक लाव." आणि पाहुण्यांना घेऊन त्या अंगणातल्या मांडवात जेवायला गेल्या.

रविवारी लग्न लागलं. वरात दारी आली. आवेलिन उंबऱ्याशी थांबली. बाई पियानोवर बसल्या, त्यांनी पहिली पट्टी दाबली.

फच्.

दुसरी दाबली. फच्. पियानोच्या खालून पांढरं पाणी बाईंच्या नव्या चपलांवर आलं.

"धाकू!"

"काय बाई?"

"ह्या काय?"

"रोस. घरच्या माणसांक लाव, म्हणालात. मास्तर म्हणाले, हो पियानो घरचो माणूस. लग्नाच्या घरात ह्या बिचाऱ्याकच कोरडो कसो ठेवू?"

बाईंना रडू कोसळलं. सहा वर्षं त्या या एका दिवसासाठी पियानो पुसत होत्या. आवेलिनचेही डोळे भरले. पण मुलगी बापाची होती. तिनं चाल स्वतःच गुणगुणायला सुरुवात केली. गावानं ती चाल खिडकीखालून शंभरदा ऐकलेली. सगळी वरात तिच्या मागून गाऊ लागली, आणि आवेलिन बापाच्या चालीवर घरात आली. सगळ्यांत मोठ्यानं धाकूच गात होता.

तोवर लग्नाला थांबलेले मास्तर गुडघ्यावर बसून पियानो बघत होते. "रडू नका, बाई. नुसता वरून रस लागला असेल, तर पुसून निघेल."

बाईंच्या जिवात जीव आला.

धाकूला मात्र राग आला. "पुसूचो कित्याक? माका काय येवढा कळणा नाय? रोस झाल्यावर गरम पाण्यान न्हाणयलंय. चार घागरी! झाकण उघडून, आतसून!"

मास्तरांनी झाकण उचलून आत पाहिलं आणि हळूच परत लावलं.

"पण मास्तर, तुमचो दिवो भिजूक दिलंय नाय हां," धाकू अभिमानानं म्हणाला. "आधीच काडून डब्यात ठेवलंय. झाकण घट्ट!"