खोकल्याकडे वळलेली तोमासा

फार फार वर्षांमागं, पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, कॅलिफोर्निया नावाच्या मुलखात, समुद्राकाठी सान लासारो हे गाव होतं. गाव कसलं, एक चर्च, एक दुकान आणि नजर जाईल तिथवर वाटाण्याची शेतं. तिथं तोमासाबाई होऊन गेली. तिचे लोक तिला 'दोन्या तोमासा' म्हणत. आपण मानानं 'बाई' लावतो ना, तसंच ते. ती वाटाण्यात शिरली की शेंगा आपणहून टोपलीत उड्या मारायच्या, असं म्हणतात.

ती मूळची तिथली नव्हे. नवरा सिप्रियानो, पाठीवर मका वाटायचा दगडी पाटा आणि पोटात थोरली लेक, एवढं घेऊन ती मेक्सिकोहून आली होती. धाकटी लेकही पुढं इकडच्याच मातीत जन्मली. कापूस फुटला की हे बिऱ्हाड कापसाला जायचं, द्राक्षं पिकली की द्राक्षाला, आणि थंडी सरता सरता वाटाण्याला. जिथं चूल मांडली तिथं घर. पाटा मात्र कुठंच मागं राहिला नाही. सिप्रियानो चिडवायचा, "एक दिवस मला विसरशील, पण हा धोंडा विसरायची नाहीस." ती म्हणायची, "धोंडा कुरकुर करत नाही."

मग मंदी आली. मंदी म्हणजे अजब प्रकार. शेतात पीक कुजत होतं आणि पीक काढणारे उपाशी निजत होते, दोन्ही एकाच गावात. कालपर्यंत ज्या हातांना "या, या" म्हणून बोलावलं, त्यांनाच आता "चला, निघा" सांगू लागले. भरभरून ट्रक दक्षिणेला, सरहद्दीकडे जाऊ लागले. ज्या पोरांनी मेक्सिको डोळ्यानं पाहिला नव्हता, तीही त्यात बसवली जात. मेक्सिकोतल्या तोमासाच्या गावी तर विहिरी आटल्या होत्या आणि आपलं म्हणावं असं माणूसही उरलं नव्हतं. परत जायचं ते कुणाकडे?

त्यात सिप्रियानोला खोकला लागलेला. कापसाची धूळ छातीत बसली ती निघेना. दोन शेंगा तोडायच्या आणि थांबून खोकायचं, असं त्याचं काम चाले.

एका सकाळी मुकादमानं सगळ्यांना शेताच्या बांधावर उभं केलं. धुकं असं दाट होतं की त्याची टोपी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. तो म्हणाला, "माणसं जास्त झाली. धुकं उठलं की मी शेत बघत येईन. ज्याची पात अर्धवट राहिली असेल, त्याचं बिऱ्हाड आजच्या ट्रकात."

पात म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याची ओळ, या बांधापासून पलीकडच्या निलगिरीच्या झाडांपर्यंत. तोमासानं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. ती एवढंच म्हणाली, "तू चालत राहा. मी माझी उरकून तिकडून तुझ्या पातीला लागते."

त्या दिवशी तिच्या हातांचा आवाज पाऊस पडल्यासारखा येत होता, असं म्हणतात. बाकीचे निम्म्यावर असताना ती निलगिरीखाली पोचलीसुद्धा. वळून पाहते तो सगळं पांढरं. पात कुठली, कुणाची, काही कळेना. तेवढ्यात धुक्यातून खोकला आला. तिला हायसं वाटलं. "आले रे सिप्रियानो, आले!" असं ओरडून ती त्या पातीत शिरली. परत खोकला आला. ही आणखी जोरात तोडू लागली.

आता यात चूक कुठं झाली, ते त्या मजुरांच्या छावणीत राहिलेल्यालाच कळेल. गळक्या तंबूत, ओल्या जमिनीवर निजणारी माणसं ती. त्या थंडीत अर्धी छावणी खोकत होती. पात सरता सरता समोर आली ती म्हातारी बेनिताबाई! छावणीत नळ एकच, आणि नळावरच्या भांडणापासून या दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. बेनिताचा आवाज असा, की ती नळावर बोलली तर चर्चची घंटा हलायची.

तोमासा म्हणाली, "मी सिप्रियानो म्हणून हाक मारली. तुम्हांला ऐकू नाही आलं?"

"आलं," बेनिता म्हणाली. "ऐकून मुद्दाम खोकले. सून अवघडलीय माझी. ट्रकातच बाळंत झाली असती."

तोमासाला संताप आला, रडूही आलं. या म्हातारीच्या पायी आपलं घर उठणार, असं वाटून तिनं हातातली टोपली खाली आपटली. पण सुनेचं नाव निघालं आणि तिला स्वतःचं ते चालत येणं आठवलं, पाठीवर पाटा आणि पोटात लेक. ती टोपली उचलून धुक्यात कान देत राहिली. चारी बाजूंनी खोकला येत होता. त्यातला आपला कुठला, हे तिला, त्याच्या बायकोला, ओळखू येईना.

तेव्हा बेनितानं पदरासारखी शाल खोचली आणि नळावर काढायची तोच आवाज काढला, "अरे, ज्याची पात सरली त्यानं खोकल्याकडे वळा! कोण खोकतंय ते बघू नका, वळा नुसते!"

आणि शेत वळलं. ज्याला खोकला ऐकू आला तो "आले", "आलो" म्हणत त्या पातीत शिरला. तोमासा तर एकाच वेळी प्रत्येकाच्या पातीत होती, असं म्हणतात; ज्याला विचारावं तो सांगे, माझ्या समोरून तीच आली. आणि शेवटची शेंग तुटेपर्यंत समुद्रानं धुकं पदरात धरून ठेवलं, असंही म्हणतात.

धुकं उठलं तेव्हा एकही पात अर्धी नव्हती. माणसं शेतभर जोडीजोडीनं समोरासमोर उभी होती. सिप्रियानोसमोर एक अनोळखी दाढीवाला घाम पुसत होता. मुकादमानं सिप्रियानोला दरडावलं, "ही पात तू एकट्यानं काढलीस?"

सिप्रियानो खोकला. पलीकडून बेनिता खोकली. मग तोमासा खोकली, तिला तर काहीच झालं नव्हतं. मग दाढीवाला, आणि मग सगळंच्या सगळं शेत खोकू लागलं. मुकादमानं कुणाला म्हणून ट्रकात घालायचं? ट्रक रिकामा गेला.

बेनिताच्या सुनेला मुलगी झाली. तिचं नाव तोमासा ठेवलं, त्यासाठी कुणी कुणाला विचारलं नाही.

तोमासाबाई पिकल्या पानासारखी गेली. तिचा पाटा चर्चच्या पायरीशी बसवला आहे. वाटाण्याचा हंगाम उघडला की पहिली ओंजळ त्यावर ठेवतात. आणि सान लासारोत अजूनही ज्याची पात आधी सरते, तो घरी जात नाही. तो निलगिरीखाली थांबतो. मागं राहिलेला मदत मागत नाही, नुसता खोकतो, धडधाकट असला तरी. मग इकडून "आले!" अशी हाक जाते. पुरुषसुद्धा "आले"च म्हणतात. कोण खोकलं, ते मात्र विचारायचं नाही.