टिटवीने दाखवलेलं घरटं

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडं संपतात आणि माळ सुरू होतो, तिथे एक टिटवी राहत असे. जन्म तिचा माळावरच्याच दगडगोट्यांतला. ती अंड्यात असतानाच गव्यांचा कळप घरट्यावरून गेला आणि चारांतली तीन अंडी चिरडली; वाचली ती एकटी. तेव्हापासून लाव्या असोत, ससे असोत, कुणाच्याही अडीअडचणीला ही ओरडत धावायची. म्हणून माळावरच्या सगळ्यांनी मिळून तिलाच जंगलाच्या सभेत निवडून पाठवलं.

सभेत बाकीचे पक्षी फांद्यांवर ऐटीत बसत. टिटवीच्या पायांना फांदी धरता येत नाही बरं का, मुलांनो! ती आपली खाली मातीत उभी. "या की वर, बाई!" मोर चेष्टेने म्हणे. "मी खालीच बरी," ती म्हणे, "माझी मंडळी खालीच राहतात."

एके दिवशी सभेत ठराव आला : गव्यांच्या कळपाला नदीवर जायला माळावरून सरळ वाट द्यावी. "माळावर आहे काय? नुसते धोंडे! मोकळाच पडलाय," म्हातारा गवा म्हणाला. टिटवी पंख फडफडवत पुढे आली. घरट्यांचे दिवस होते! "मोकळा नाही हो!" ती घसा फोडून ओरडली. "एकदा येऊन तर बघा!"

आली सगळी सभा माळावर. थोडं चालून गवा हसला, "कुठे आहे तुमची वस्ती?" आता मात्र टिटवी पेचात पडली. घरट्याजवळ कुणी आलं की पंख मोडल्याचं सोंग करायचं आणि त्याला लांब न्यायचं, हेच तर आईने शिकवलेलं. त्यात कोल्हा शेजारीच जिभल्या चाटत उभा. पलीकडे लावीचं घरटं होतं. ते दाखवलं असतं तर हिची अंडी वाचली असती. पण छे! ती पुढे झाली. "गवेदादा, पाय टेकू नका. खुराखाली बघा, ही माझी अंडी आहेत."

खड्यांत खडे दिसावेत अशी चार ठिपकेदार अंडी! गव्याचा उचललेला पाय अधांतरीच राहिला. "अरे देवा," तो पुटपुटला, "आजवर कितीदा गेलो असू आम्ही इथून!" ठराव तिथल्या तिथे बारगळला.

ओढ्याकाठची नवी वाट ठरवायला सभा पुन्हा झाडाखाली गेली. टिटवीलाही जावं लागलं. पण बोलता बोलता तिने पाहिलं, तर कोल्हा जागेवर नाही! गवाही नाही! पण वाट ठरायची बाकी होती, म्हणून ती कशीबशी थांबली. काम आटोपताच ती जिवाच्या आकांताने माळाकडे उडाली.

बघते तर काय! घरट्यापुढे म्हातारा गवा शिंगं रोखून उभा, आणि कोल्हा शेपूट घालून परत निघालेला. अंड्यांभोवती लाव्या आणि ससे दाटीने बसलेले. लावी म्हणाली, "ताई, माझं घरटं झाकून तू आपलं उघडं केलंस. तुझे उपकार कसे विसरू? पिल्लं बाहेर येईपर्यंत राखण आमची." गवा म्हणाला, "आणि माझीही."

टिटवीला रडूच कोसळलं. "तुम्ही सगळे आहात, म्हणून मी आहे गं," एवढंच तिला बोलता आलं. चार दिवसांनी चारही पिल्लं सुखरूप बाहेर पडली आणि गव्याच्या पायांमधून पळू लागली.

तात्पर्य : जो लोकांसाठी आधी स्वतःचं घर पणाला लावतो, त्याच्या घराची राखण लोक आपणहून करतात.